सामाईक गटार: आधी पाणी कुठे जातं ते शोधा, मग भांडा

गणपतीचा दुसरा दिवस, घरात सोळा माणसं, बाहेर धो धो पाऊस, आणि आमच्या मोरीतून पाणी उलटं वर आलं. त्यावर फेस होता आणि फेसाला गुलाबाचा वास. आमच्याकडे शिकेकाई आणि अंगाचा साधा साबण. म्हणजे पाणी आमचं नव्हतं, वरच्या घरातलं होतं. एवढ्या पुराव्यावर मी छत्री घेऊन भांडायला निघालो.

दापोली तालुक्यात, किनाऱ्यावरच्या गावात आमची तीन घरं ओळीने आहेत. आजोबांच्या वेळी ते एकच घर होतं. वाटण्या झाल्या, मध्ये भिंती आल्या, मागील दारं तीन झाली, पण मागच्या अंगाने जाणारं गटार एकच राहिलं. वरच्या घरात चुलतभाऊ, म्हणजे दादा, मध्ये मी, खाली काकी. काकींच्या आगरातून गटार पुढे पऱ्याला, म्हणजे ओढ्याला मिळतं आणि पऱ्या खाडीला. दादा म्हणाला, "काकींनी धुण्याच्या दगडाखाली कोबा केला, तेव्हाच गटार दबलं." काकी मला म्हणाल्या, "तुझ्या माडाची मुळं बघ आधी." मी म्हणालो, दादाने होमस्टेसाठी चार न्हाण्या काढल्या त्याचं काय? फाल्गुनात खणलं तेव्हा कळलं की तिघेही थोडे थोडे बरोबर होतो.

कोकणात अशी गटारं गावोगाव आहेत. चिऱ्यांच्या दोन ओळी, वर फरशी नाहीतर उलटी कौलं. मध्येच कुणीतरी घातलेले चिनी मातीचे पाइप, त्याला नंतर कुणीतरी जोडलेला चार इंची पीव्हीसीचा तुकडा. नकाशा कुणाकडे नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं ती माणसं आता नाहीत. म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी आपलं आपण करायचं काम बरंच असतं.

पाणी कुठलं आहे?

घरातून तीन पाणी बाहेर पडतात: पागोळ्यांचं, न्हाणी-मोरीचं आणि संडासाचं. जुन्या गटाराचं वाटोळं बहुतेक वेळा ही तिन्ही एकत्र झाल्याने होतं.

पूर्वी छपराचं पाणी पोफळीच्या पन्हळीतून अंगणात पडायचं आणि उताराने निघून जायचं. आता पत्र्याला पीव्हीसीची पन्हळ लावतात आणि तिचा पाइप सोयीचा म्हणून मागच्या गटारात सोडतात. हिशोब करून बघा. १,००० चौरस फुटांच्या छपरावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आषाढात तो होतोच, तर सुमारे ९,३०० लिटर पाणी झालं. घरातल्या चार माणसांच्या न्हाण्या-धुण्याचं पाणी त्यापुढे काहीच नाही. तेव्हा पहिली दुरुस्ती फुकटची: छपराचा पाइप गटारातून काढा आणि पाणी उघड्या पाटाने सोडा. निम्मी तक्रार इथेच मिटलेली मी पाहिली आहे.

संडासाचं पाणी कधीच या गटारात नको. सेप्टिक टाकीचं वरचं पाणीसुद्धा नको. ते शोषखड्ड्यात जायला हवं आणि भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठेक फूट दूर हवा. आपल्याकडे जांभा भोकाभोकांचा असतो. एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूला कधी निघतं ते कळतही नाही. गटाराच्या जवळ विहीर असेल तर दुरुस्तीआधी आणि नंतर विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासून घ्या. ग्रामपंचायतीकडून किंवा आरोग्य केंद्रामार्फत ते होतं.

खणण्याआधी

कागद-पेन्सिल घ्या आणि प्रत्येक घरातली प्रत्येक मोरी, न्हाणी, धुण्याची जागा मांडा. मग एकेका तोंडातून रंगाचं पाणी सोडा. कपड्यांची नीळ उत्तम. एक बादली पाण्यात गडद नीळ कालवून ओता, मागून दोन बादल्या साधं पाणी ओता, आणि एक माणूस खालच्या तोंडाशी घड्याळ घेऊन उभा करा. निळं पाणी किती वेळाने आलं ते लिहा. आमच्याकडे काकींच्या मोरीचं पाणी दीड मिनिटात आलं, माझं सहा मिनिटांनी, आणि दादाच्या एका न्हाणीचं आलंच नाही. ते जमिनीत मुरत होतं, माझ्या जोत्याखाली. हे काम उन्हाळ्यात करायचं. पावसात सगळं पाणी एकसारखंच दिसतं.

तुंबलेली जागा शोधायला बांबूची लांब कांब पुरते. खालच्या तोंडातून सारायची. अडली की तोंडाशी कांबेला खूण करायची, बाहेर काढायची आणि तेवढीच लांबी गटाराच्या वरून जमिनीवर मोजायची. आमची कांब १८ फुटांवर अडली. १८ फूट म्हणजे बरोबर काकींच्या धुण्याच्या दगडाखाली. वरच्या बाजूने सारली तर माझ्या माडापाशी अडली. टोक बाहेर आलं तेव्हा त्याला केसांच्या गुंत्यासारखी तांबूस मुळं लटकत होती. माडाचं मूळ जाड नसतं, पण सांध्याच्या बारीक फटीतून शिरतं आणि आत पाणी मिळालं की त्याचा झाडू होतो. त्या झाडूत साबणाची साय, तांदळाची पेज, नारळाचा चोथा, माशांची खवलं आणि भांडी घासायची राख अडकत जाते.

गळती बघायची तर खालचं तोंड वाळूने भरलेल्या कापडी पिशवीने बंद करा, गटार वरपर्यंत भरा, पाण्याच्या पातळीवर खडूची रेघ मारा आणि अर्धा तास कुणालाही पाणी वापरू देऊ नका. जुन्या चिऱ्याच्या गटारात पातळी थोडी उतरणारच. वीतभर उतरली तर कुठेतरी सांधा उघडा आहे.

खाडीजवळच्या घरांनी आणखी एक नोंद ठेवावी. मोरी तुंबली की तारीख, वेळ, पाऊस होता का आणि भरती होती का, हे कॅलेंडरवरच लिहायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि पावसाळ्यात त्या वेळी खाडीचं पाणी पऱ्यात चढतं. तुंबणं दर वेळी उधाणाच्या भरतीलाच होत असेल आणि ओहोटीला आपोआप निवळत असेल, तर गटार खणून हाती काही लागणार नाही. तिथे शेवटच्या तोंडाला पाणी एकाच बाजूला जाऊ देणारी झडप बसवावी लागते. ती पालापाचोळ्याने अडकते, म्हणून हात घालता येईल अशाच ठिकाणी बसवा.

आणि लेप्टो, म्हणजे उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात पसरणारा ताप, विसरू नका. पावसाळी पाण्यात, चिखलात अनवाणी उतरायचं नाही. गमबूट, हातमोजे, आणि पायाला जखम असेल त्याने त्या दिवशी नुसतं उभं राहून सल्ले द्यावेत. सेप्टिक टाकीत किंवा खोल बंद चेंबरमध्ये कुणालाही उतरवायचं नाही, कितीही अनुभवी गडी असला तरी. आतल्या वायूने माणूस श्वासा-दोन श्वासांत कोसळतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. संरक्षणाशिवाय अशा कामाला माणूस लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीचा गाळ यंत्राच्या गाडीनेच उपसायचा.

हक्क कुणाचा, खर्च कुणाचा

इथे लोक सातबारा काढायला धावतात. सातबारा, गावठाणात असाल तर मालमत्ता पत्रक, ग्रामपंचायतीचा नमुना ८, हे काढून ठेवाच, पण त्यात गटार सापडणार नाही. मोजणीनेही नाही. मोजणी हद्द दाखवते, जमिनीखालचं काही दाखवत नाही. वाटणीपत्र असेल तर ते मात्र शब्द न शब्द वाचा. "मागील पाट सामाईक" अशी एक ओळ पुष्कळ जुन्या वाटणीपत्रांत असते आणि ती सगळ्या कागदांना पुरून उरते.

कायदा आहे तो १८८२ चा, सुविधाधिकारांचा. वकील त्याला ईझमेंट अ‍ॅक्ट म्हणतात, गावात आपण वहिवाट म्हणतो. त्यातलं कामापुरतं सांगतो.

वरच्या जमिनीवर पडलेलं पावसाचं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीवर येणं खालच्याने सोसायचं असतं. हा निसर्गाचाच हक्क आहे, कलम ७ मध्ये आहे. न्हाणीच्या पाण्याला तो लागू नाही. दुसऱ्याच्या जमिनीतून सांडपाणी न्यायचं तर हक्क मिळवलेला असावा लागतो: करारातून, वाटणीतून किंवा २० वर्षं उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापर केल्यामुळे. एकच घर वाटलं गेलं असेल तर कलम १३ उपयोगी पडतं. वाटणीच्या वेळी जी सोय चालू होती, उघड होती आणि हिश्श्याच्या वापराला गरजेची होती, ती वेगळं काही ठरलेलं नसेल तर पुढेही चालू राहते. गटार जमिनीखाली आहे म्हणून ते "उघड" नाही असंही होत नाही. जाणकाराने नीट पाहिलं तर सापडेल असं गटार कायद्याच्या उदाहरणातच उघड धरलं आहे.

खर्चाचं उत्तर कलम २५ मध्ये आहे: ज्याला हक्क, त्याला दुरुस्तीचा खर्च. त्यासाठी तो दुसऱ्याच्या जमिनीत जाऊन खणू शकतो, पण जमीन होती तशी करून द्यावी लागते. दुरुस्ती न केल्याने खालच्याचं नुकसान झालं तर भरपाईही त्यानेच द्यायची. जमीन खालच्याची म्हणून दुरुस्ती खालच्याची, हा समज उलटा आहे. काकी जे बोलल्या, "तुमचं सगळं पाणी माझ्या आगरात आणि पैसे पण मीच द्यायचे होय रे?", ते कायद्याला धरून होतं. फक्त त्यांची मोरीही त्याच गटारात होती, हे त्या सोयीस्कर विसरल्या होत्या.

दादासाठी होतं कलम २९. घरात भर घालून हक्काचा बोजा मोठ्या प्रमाणात वाढवता येत नाही. आजोबांची वहिवाट एका न्हाणीची होती. चार न्हाण्यांचं पाणी त्याच वहिवाटीत बसत नाही. किनाऱ्यावर सध्याची निम्मी भांडणं होमस्टेची आहेत आणि होमस्टेवाल्यांना ही गोष्ट कुणी सांगत नाही.

एक शब्द जपून वापरा: परवानगी. दुरुस्तीच्या कागदावर "काकींच्या परवानगीने गटार वापरतो" असं लिहिलं की वापर हक्काचा उरत नाही, मेहेरबानीचा होतो, आणि मेहेरबानी काढून घेता येते. वरच्या घरवाल्याने "पूर्वापार वहिवाटीने" असं लिहायला हवं. उलट खालच्याच्या जमिनीतून कुणी पाच वर्षांपूर्वी नवीन पाइप नेला असेल, तर खालच्याने "परवानगीने" हा शब्द लिहून घेण्यातच शहाणपण. कागद कुणाच्याही हातचा असो, सही करण्याआधी हा एक शब्द शोधा.

बैठक कधी आणि कशी

कोकणातली अडचण अशी की घराचे निम्मे वाटेकरी मुंबईत. फोनवर गटार समजावता येत नाही. म्हणून बोलणी गणपतीत आणि काम शिमग्यानंतर, हा क्रम मला सगळ्यात चांगला वाटतो. गणपतीत सगळे घरी असतात आणि गटार स्वतःच आपली साक्ष देत असतं. फाल्गुन-चैत्रात जमीन कोरडी असते, गवंडी मिळतो. मे महिन्यात सगळ्या गावाची छपरं शाकारायची असतात, मग मृग येईपर्यंत गडी मिळत नाही.

बैठकीला नकाशा, नीळ सोडलेल्याच्या वेळा आणि फोटो न्या. फोटोत टेप दिसू द्या. "तुमच्यामुळे तुंबलं" असं म्हणू नका, "१८ फुटांवर अडलंय" असं म्हणा. मी पहिल्या बैठकीत पहिलं वाक्य बोललो होतो, म्हणून दुसरी बैठक घ्यावी लागली.

वाटा काढायची जी रीत आम्ही धरली ती सोपी आहे: ज्या ठिकाणी तुमचं पाणी गटाराला मिळतं, तिथून पुढे तुमचा वाटा. समजा दादाच्या घरापासून माझ्या जोडापर्यंत ३० फूट, माझ्यापासून काकींच्या जोडापर्यंत ४० फूट आणि तिथून पऱ्यापर्यंत ५० फूट. खर्च फुटाला ३०० रुपये धरू. पहिले ३० फूट एकट्या दादाचे, ९,००० रुपये. पुढच्या ४० फुटांचे १२,००० दोघांत, म्हणजे सहा-सहा हजार. शेवटच्या ५० फुटांचे १५,००० तिघांत, पाच-पाच हजार. दादाचे २०,०००, माझे ११,०००, काकींचे ५,०००. सरसकट तीन वाटे केले असते तर प्रत्येकी १२,००० आले असते, आणि ते काकींना कधीच पटलं नसतं. पटायलाही नको.

न्हाण्यांच्या संख्येवर वाटे करायचे असंही मी सुचवून पाहिलं. दादाचा आकडा २८,००० च्या वर गेला आणि तो उठून चहा सांगायला गेला, तो परत आलाच नाही. शेवटी तोड निघाली ती काकींच्या मुलाने काढलेली: एका घराच्या नेहमीच्या वापराला चार इंची पाइप पुरतो, सहा इंची घालायचा तो होमस्टेसाठी, तर दोन्ही पाइपांच्या किमतीतला फरक दादाचा, बाकी वर सांगितल्याप्रमाणे. याहून न्याय्य वाटणी मला अजून सुचलेली नाही.

मग कागद. आमच्या कागदातला मुख्य मजकूर साधारण असा:

"आमच्या घरांच्या मागील बाजूने जाणारे गटार पूर्वापार वहिवाटीत असून सोबतच्या नकाशात ते 'क' पासून 'घ' पर्यंत दाखवले आहे. दुरुस्तीचा खर्च नकाशातील भागांप्रमाणे करावयाचा आहे. ज्याच्या जागेत खणले जाईल त्याची जमीन, कोबा व झाडे यांची भरपाई याच खर्चातून होईल. दरवर्षी वैशाखात तिघांनी मिळून सफाई करावयाची आहे. छपराचे वा संडासाचे पाणी यात सोडावयाचे नाही. नवीन जोड द्यावयाचा झाल्यास तिघांची लेखी संमती लागेल."

खाली सह्या, दोन साक्षीदार, नकाशावरही सह्या. खर्चाच्या वाटणीपुरता हा कागद मुद्रांकावर केला तरी भागतं. पण कुणाच्या जमिनीतून कायमचा नवा हक्क द्यायचा-घ्यायचा असेल, तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच घ्या. सामाईक सातबाऱ्यावर दहा नावं असतील तर निदान ज्यांची घरं गटारावर आहेत त्यांच्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. मुंबईच्या भावाची "माझी हरकत नाही रे" ही फोनवरची संमती पुढच्या पिढीत टिकत नाही.

प्रत्यक्ष काम

चिऱ्याचं गटार सरळ असेल, उतार शाबूत असेल, तर ते फोडू नका. झाकणं उचला, गाळ काढा, सांधे सिमेंटने भरा, तळाला अर्धगोल पाइप बसवून बाजूने उतरता गिलावा करा. चिरा पाणी पितो, त्यामुळे आतून गिलावा हवाच. आमचा वरचा ३० फुटांचा भाग असाच वाचला आणि दादाचे पैसे बरेच उरले.

जिथे पाइप घालायचा तिथे आधी उतार मोजा. गवंड्याची पाणनळी घ्या, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, आत बुडबुडा नको. दोन टोकांना दोन माणसं, दोन्हीकडे पाण्याच्या पातळीला खूण, आणि खुणेपासून गटाराच्या तळापर्यंतचं माप. दोन मापांतला फरक हा उतार. चार इंची पाइपला दर १० फुटांना ३ इंच उतार द्यावा, सहा इंचीला २ इंच पुरतो. आमच्या ९० फुटांना दीड फूट लागत होता आणि तो होता. मध्ये काकींच्या कोब्याखाली मात्र तळ चार इंच खचून खळगा झाला होता, सगळा गाळ तिथे बसत होता. बाहेरून कितीही कांब घातली असती तरी तो पुन्हा भरलाच असता.

पाइप घेताना शेतीचा पातळ पाइप स्वस्त म्हणून घेऊ नका, मातीच्या भाराखाली तो चपटा होतो. आयएस १५३२८ हा जमिनीखालच्या सांडपाण्याच्या पाइपचा शिक्का, आयएस १३५९२ हा घराच्या सांडपाण्याच्या पाइपचा. दुसऱ्यातला घ्यायचा तर जाड, बी प्रकारचा.

चर खालच्या टोकाकडून वर खणत जा, पाइपही खालूनच बसवत या. पाइपचं रुंद तोंड पाणी येतं त्या बाजूला. पाइपला दगड टेकता कामा नये, जांभ्याची धार पीव्हीसीला चिरते. खाली चार इंच वाळू किंवा चाळलेली माती, वर पुन्हा तेवढीच, मग उरलेली माती थराथराने चोपून भरायची. आगरात फूटभर खोली चालते. जिथून गाडी जाते तिथे दोन फूट, नाहीतर भोवती काँक्रीट. काटकोनात वळवू नका, दोन अर्ध्या वळणांनी वळवा. जोडही आडवा नको, तिरपा द्या, म्हणजे पाणी प्रवाहाच्या दिशेने मिळतं.

जुन्या घराच्या जोत्यालगत सलग चर उघडा ठेवायचा नाही. चिऱ्याच्या भिंतींना पाया नावापुरता असतो. पाच-सहा फूट खणा, पाइप टाका, भरा, मग पुढे. पुळणीच्या वाळूत चराच्या कडा बघता बघता ढासळतात, तिथे चार फुटांपेक्षा खोल जायचं असेल तर फळ्यांचा आधार दिल्याशिवाय गडी उतरवू नका. गडग्याखालूनही, म्हणजे दगडी कुंपणाखालूनही, तसंच. आमचा गडगा एका दुपारी बसला आणि तो पुन्हा रचायचा खर्च नकाशात कुठल्याच भागात नव्हता.

चेंबर प्रत्येक जोडाला, प्रत्येक वळणाला आणि सरळ भागात तीस फुटांच्या आत एक. दीड फूट बाय दीड फूट आतून पुरे. तळाला पाइपच्याच रेषेत अर्धगोल पन्हळ करून दोन्ही बाजूंनी उतार द्या. घरागणिक पहिल्या चेंबरमध्ये मात्र तळ सहा इंच खोल ठेवा, चोथा, खवलं आणि राख तिथेच बसते, पुढे जात नाही. ते साफ करायचं ज्याचं त्याने. झाकणं उचलता येतील अशी हवीत. वर कोबा करणाऱ्याला काय सांगायचं ते काकी आता स्वतः सांगतात. खानावळ किंवा होमस्टे असेल तर स्वयंपाकघराच्या मोरीला तेल अडवणारी वेगळी टाकी हवीच: पाणी खालून बाहेर, तेलकट थर वर तरंगत राहतो, तो आठवड्याला काढायचा.

माडाचं काय, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. माड तोडला नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून दहा फूट सलग एकच पाइप टाकला, मध्ये सांधाच ठेवला नाही. सांधा नाही तर मुळाला वाट नाही.

चर बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून पाइप भरा आणि पातळी बघा. तिन्ही घरांतल्या एकेका माणसाला ती बघायला उभं करा. मग टेप ठेवून फोटो काढा: भिंतीपासून किती फूट, किती खोल. वीस वर्षांनी खणणाऱ्याला हाच नकाशा.

सामाईक नकोच असेल तर

जागा मोठी असेल तर प्रत्येकाने आपलं सांडपाणी आपल्या आगरात जिरवणं सगळ्यात निवांत. मागच्या दारचं अळू, केळी, कर्दळ हे आपल्या आज्यांचं सांडपाणी व्यवस्थापनच होतं. पण शोषखड्डा खणण्याआधी फूटभर खड्डा करून त्यात पाणी ओता आणि किती वेळात जिरतं ते बघा. उन्हाळ्यात बघितलंत तर फसाल. किनाऱ्यालगत श्रावणात जमिनीतलं पाणी हातभर खोलीपर्यंत वर येतं आणि शोषखड्ड्याची विहीर होते. हीच परीक्षा एकदा भर पावसातही घ्या. कातळावर आणि खारट चिकण जमिनीत शोषखड्ड्याच्या भानगडीत पडू नका.

बंद घराची मोरी

तीन घरांपैकी एक वर्षातले दहा महिने बंद असेल तर त्याच्या मोरीच्या सापळ्यातलं पाणी सुकतं. मग गटाराचा वास, झुरळं, उंदीर त्या घरात शिरतात आणि तिथून माळ्यावरून तुमच्याकडे येतात. जाताना सापळ्यात बादलीभर पाणी आणि वर चमचाभर खोबरेल ओतून जायला सांगा. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली तर महिन्याला तांब्याभर पाणी घालता येतं.

जमलंच नाही तर

खालच्याने गटाराच्या तोंडात सिमेंटची गोणी टाकली, असं होतं. अशा वेळी पहार घेऊन जाऊ नका. कलम ३६ प्रमाणे हक्क असलेल्यालाही अडथळा स्वतः काढायची मुभा नाही. फोटो काढा, तारीख लिहा, लेखी पत्र द्या. आणि गप्प बसू नका: २० वर्षांच्या वहिवाटीचा दावा लावायचा तर ती वहिवाट दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांपर्यंत चालू असावी लागते.

ग्रामपंचायत खाजगी गटाराचा खर्च करत नाही, पण पाणी रस्त्यावर येत असेल, डास-दुर्गंधी होत असेल तर तो तिचा विषय आहे. ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार म्हणजे न केलेली तक्रार. सार्वजनिक उपद्रव मोठा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताकडे जाता येतं. आगराकडे येणारं किंवा आगरातून जाणारं पावसाचं नैसर्गिक पाणी कुणी नवीन भिंत घालून अडवलं आणि झाडांचं नुकसान होत असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. न्हाणीच्या गटाराला तो रस्ता नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय.

त्याआधी तंटामुक्त गाव समिती आणि तालुका विधी सेवा समिती हे दोन दरवाजे ठोठवा. लोकअदालतीत तडजोड झाली तर ती हुकूमनाम्यासारखी पक्की असते, वर अपील नाही. दावा लावलाच तर कोर्टाकडून जागेवर पाहणीसाठी कमिशनर मागवा. तुमचा नकाशा, निळीच्या वेळा आणि टेपसकट फोटो तिथे खरे कामाला येतात.

आमचं काम सात दिवसांत झालं, त्यातला एक दिवस गडगा रचण्यात गेला. नकाशाची प्रत तिन्ही घरांच्या मीटरपेटीच्या दाराला आतून चिकटवली आहे. बांबूची कांब काकींच्या पडवीत आढ्याला टांगलेली असते, १८ फुटांवरची खूण अजून तिच्यावर आहे. वैशाखातल्या सफाईला दादा यंदा आला नाही, होमस्टे भरलेला होता. त्याने गडी पाठवला आणि गड्याबरोबर पायरी आंब्यांची करंडी.